मित्राचे वडील गेले, भेटायला जाऊन काय बोलू?

पहिल्यांदाच जातोयस, धाकधूक होणारच. भाषण पाठ करून जाऊ नकोस. काकांची एकच खरी आठवण सांग: तुझ्या सायकलची चेन बसवताना काळे झालेले त्यांचे हात, फोन ठेवताना दोनदा ‘बरं, बरं’ म्हणायची सवय. घरच्यांना ठाऊक नसलेली असेल तर उत्तमच.

नवखे हमखास इथे चुकतात:

- ‘सुटले बिचारे’, ‘आता तूच घरचा आधार’ असलं बोलणं.
- आपल्याच दुःखाची कहाणी लावणं. (मीही लावलीय. अजून लाज वाटते.)
- ‘काही लागलं तर सांग’ म्हणून निघणं. कुणी सांगत नसतं. ‘मृत्यूदाखल्याच्या कामाला मंगळवारी मी सोबत येतो’ असं नेमकं बोल.

काकू रडल्या तर रडू दे, विषय बदलू नकोस. आणि महिन्याभराने, माणसांची ये-जा थांबली की, पुन्हा जा.