फादर गव्हर्नर झाले त्याची गोष्ट

प्रश्न : माझी मुलगी फिलिपिन्सला आंगेलेस शहरात मेडिकल करतेय. तिला भेटायला गेलो होतो तेव्हा टॅक्सीवाला सांगत होता की इथं एकदा चर्चचे फादरच गव्हर्नर झाले होते. खरंय का हे? आणि झाले तर टिकले का नाहीत?
– एक पालक, नाशिक

उत्तर : अगदी खरंय. त्यांचं नाव एड पानलिलियो, तिकडचे लोक त्यांना आमोंग एड म्हणतात. २००७ ते २०१० ते पाम्पांगा प्रांताचे गव्हर्नर होते. आधी एक सांगतो, आंगेलेस शहर पाम्पांगाच्या नकाशात दिसतं पण कारभारानं ते वेगळं आहे, तिथले लोक प्रांताच्या गव्हर्नरला मत देत नाहीत. प्रांताचा सगळा कारभार शेजारच्या सान फर्नांडोमधून चालतो.

आता ही गोष्ट कळायला वाळूपासून सुरुवात करावी लागते. १५ जून १९९१ ला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, डोंगरभर राख साचली, आणि मग पुढची कित्येक वर्षं दर पावसाळ्यात ती राख-वाळू चिखल होऊन खाली यायची, त्याला तिकडे लाहार म्हणतात. बाकोलोर नावाचं गाव तर १९९५ मध्ये जवळजवळ गाडलंच गेलं. तिथलं सान गियेर्मो चर्च अर्धं जमिनीत आहे, पूर्वी ज्या खिडक्या होत्या त्यातूनच आता लोक आत जातात. मुलीला सुट्टी असेल तेव्हा नक्की बघून या. तर ज्या वाळूनं घरं गिळली तीच वाळू नंतर बांधकामाला सोन्याच्या भावाची झाली, रात्रंदिवस ट्रक भरून मनिलाकडे जायला लागले. कायद्याप्रमाणे त्यावर कर लागतो आणि तो प्रांत, नगरपालिका आणि बारांगाय म्हणजे अगदी खालची गावपातळी, यांच्यात वाटला जातो, ३०, ३० आणि ४० टक्के असा. पण प्रत्यक्षात तिजोरीत जे पडायचं ते ट्रकांच्या रांगा बघितल्या तर काहीच नव्हतं.

पानलिलियो तेव्हा चर्चच्या समाजकार्य केंद्राचं काम बघायचे, लाहारग्रस्तांमध्ये त्यांची वर्षं गेलेली. २००७ ला गव्हर्नरपदासाठी दोन तगडे उमेदवार होते. एक मार्क लापिड, तेव्हाचे गव्हर्नर, त्यांचे वडील लितो लापिड सिनेमातले ॲक्शन हिरो, आधी स्वतः गव्हर्नर आणि मग सिनेटर. दुसऱ्या लिलिया पिनेडा, ज्यांच्या पतीवर जुएतेंगचे, म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारख्या आकड्याच्या जुगाराचे, आरोप वर्षानुवर्षं होत आले आणि ते कायम नाकारत आले. लोक म्हणाले या दोघांत आम्हाला निवड नकोच, आणि फादरना गळ घातली. ना पैसा, ना पार्टीची मशीन, नुसते स्वयंसेवक. तिघांनाही दोन-दोन लाखांच्या वर मतं पडली आणि फादर फक्त १,१४७ मतांनी निवडून आले!

आल्या आल्या त्यांनी वाळूच्या ट्रकांवर माणसं बसवली, प्रत्येक ट्रकला पावती. रोजची वसुली दहा लाख पेसोच्या आसपास गेली, आधी वर्षभरात जेवढं जमायचं तेवढं महिन्या-दोन महिन्यांत. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच्यासाठी, भाषणासाठी नाही. पैसा तिथंच होता, ट्रक तेच होते, वाळू तीच, फक्त मधे कोणी खाल्लं नाही.

प्रश्न : आमच्या वसईत फादर लोक आंदोलनात पुढे असतात हे माहितीय, पण निवडणूक लढवायला चर्च परवानगी देतं का?
– एक वाचक, वसई

उत्तर : नाही देत. चर्चच्या कायद्यात धर्मगुरूंना सत्तेचं पद घ्यायला मनाई आहे. पानलिलियोंना धर्मगुरू म्हणून कामातून निलंबित केलं गेलं, म्हणजे मिसा, चर्चमधली मुख्य उपासना, बंद, आणि कन्फेशन, लोकांची पापकबुली ऐकणं, तेही बंद. ज्या माणसानं आयुष्य त्यातच घातलंय त्याच्यासाठी हे साधं नाही हो. त्यांनी ती किंमत दिली आणि त्यावर मला तरी शंका घ्यावीशी वाटत नाही.

प्रश्न : ती पैशाच्या पिशवीची भानगड काय होती? आणि एवढा स्वच्छ माणूस हरला म्हणजे लोकांना स्वच्छ कारभार नकोच असतो ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पिशवीचं आधी. ऑक्टोबर २००७ मध्ये मालाकान्यांग म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या महालात गव्हर्नर लोकांची बैठक झाली. राष्ट्राध्यक्षा होत्या ग्लोरिया आरोयो, त्यापण पाम्पांगाच्याच, आणि त्यांच्यावर तेव्हा महाभियोगाची तक्रार दाखल झालेली. बैठक झाल्यावर फादरच्या हातात एक कागदी पिशवी दिली गेली, उघडून बघितलं तर आत ५ लाख पेसो रोख. त्यांनी ते सरळ जाहीर करून टाकलं. शेजारच्या बुलाकानच्या गव्हर्नरनीही मलापण मिळाली म्हणून सांगितलं. महालानं हात वर केले. बाकीचे कितीतरी जण गप्पच बसले, आणि तोंड उघडलं की एकटं पडायला होतं हे त्यांना चांगलं माहीत होतं.

आता दुसरा प्रश्न, त्याच्याशी मी बिलकुल सहमत नाही. फादर एकटे पडले ते काही अंशी स्वतःमुळेपण. प्रांतातल्या बहुतेक महापौरांशी त्यांचं जमलं नाही, प्रांतिक मंडळात बहुमत विरोधकांचं, आणि ज्यांनी निवडून आणलं त्यातलेही काही जण आम्हाला विचारत नाहीत म्हणून दुरावले. वर्ष होतं न होतं तोच त्यांना मुदतीआधीच पदावरून हटवण्यासाठी सह्यांची मोहीम. वरून २००७ च्या मतांची फेरमोजणी, फेब्रुवारी २०१० मध्ये निवडणूक आयोगाच्या एका विभागानं पिनेडाच जिंकल्या होत्या असा निकाल दिला, आणि मे मध्ये तर नवीन निवडणूकच आली. त्यात ते मोठ्या फरकानं हरले, २०१३ ला परत उभे राहिले, परत हरले.

लोकांना स्वच्छपणा नको होता असं नाही. घरात कोणी आजारी पडलं, औषधाला पैसे नाहीत, तर माणूस कुठल्या दारात जातो ते बघा ना. लिलिया पिनेडांना लोक नानाय बेबी म्हणतात, म्हणजे आई, कारण दवाखान्याचं बिल घेऊन गेलं की मदत मिळते असा त्यांचा लौकिक. ज्याला ती मदत मिळाली त्याला तुम्ही वाळूच्या पावत्यांचा हिशोब सांगून मत कसं मागणार? हिशोबातून आलेला पैसा त्याच्या दारापर्यंत जाताना दिसायला हवा, आणि तीन वर्षं, त्यातही निम्मी भांडणात, त्याला पुरत नाहीत. मतदाराला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

प्रश्न : मग आता तिथं कोण आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पिनेडाच. गव्हर्नरला तीन-तीन वर्षांच्या सलग तीनच टर्म मिळतात. लिलियाबाई २०१० ते २०१९ गव्हर्नर, मग मुलगा डेनिस गव्हर्नर आणि आई व्हाइस गव्हर्नर, आणि २०२५ ला परत अदलाबदल, आई वर आणि मुलगा खाली. १९८७ च्या राज्यघटनेत घराणेशाहीला मनाई करावी असं कलम आहे, पण घराणं म्हणजे काय हे कायद्यानं ठरवायचं असं त्यातच लिहिलंय, आणि तो कायदा करायचा काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, जिथं कितीतरी खुर्च्या अशाच घराण्यांकडे आहेत.