नमस्कार तोच, मथळा वेगळा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मिरजेचा, निवृत्त शिक्षक. आमच्या प्रभागातल्या एका उमेदवाराने गणपतीपुढे नारळ फोडून प्रचार सुरू केला. त्याची फोटोसह छान बातमी आली. दुसऱ्याने मीरासाहेब दर्ग्यात फुलं वाहून सुरुवात केली, तर बातमीदाराने त्याला विचारलं, "निवडून आलात तर सगळ्यांचे नगरसेवक राहाल ना?" पहिल्याला हे कोणी विचारलं नाही. दोघंही माझेच विद्यार्थी, म्हणून जास्त लागलं. मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणतो, तिकडे असल्या चौकशा होत नाहीत. खरं आहे का? आणि उमेदवाराच्या श्रद्धेबद्दल पेपरांनी काही विचारूच नये का?

उत्तर : सर, तुमच्या पत्रातल्या दोन्ही बातम्या मी न बघताही लिहून दाखवू शकेन. सांगलीत एका दैनिकाच्या डेस्कवर माझी उमेदीची वर्षं गेली. तालुक्यांतून आलेल्या बातम्यांना मथळे देणं हे रोजचं काम. हिंदू उमेदवार देवळात गेला की मथळा ठरलेला : 'ग्रामदैवताच्या दर्शनाने प्रचाराचा शुभारंभ'. तोच चादर घेऊन दर्ग्यात गेला की 'सामाजिक सलोख्याचं दर्शन'. मुस्लिम उमेदवार गणेश मंडळाच्या आरतीला उभा राहिला तर कौतुक दुप्पट. पण तोच माणूस स्वतःच्या दर्ग्यात, स्वतःच्या मशिदीत गेला की डेस्कवर कोणीतरी म्हणायचंच, "ही बातमी जरा बघून घ्या." आणि मग मथळ्यात 'मतांची गोळाबेरीज' यायची. देवदर्शनाची बातमी बघून घ्या, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

यामागे दर वेळी द्वेष असतो असं मी म्हणणार नाही. देवदर्शनाची बातमी उमेदवाराच्या कार्यालयातून फोटो, फोटोओळ, पन्नास नावं अशी तयारच येते. पान सोडायची घाई असते, ती तशीच लागते. दर्ग्याच्या बातमीला मात्र बातमीदार स्वतःचा प्रश्न जोडतो, कारण ती त्याला ओळखीची वाटत नाही. आमच्या डेस्कवर दर्ग्यात मनापासून जाणारं कोणी असतं तर तो प्रश्न कोणाला सुचलाही नसता. आपली ती संस्कृती आणि दुसऱ्याचं ते राजकारण, ही सवय इतकी मुरलेली आहे की ती करणाऱ्यालाही दिसत नाही.

उलटंही घडतं, तेही सांगायला हवं. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या उमेदवाराला पाणीपुरवठ्यातलं काय कळणार, असं धरून चालणारे बातमीदारही मी पाहिलेत. ते स्वतःला पुरोगामी म्हणवायचे आणि दाभोलकरांचं नाव घ्यायचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. त्यांचं भांडण देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी होतं, देवाला हात जोडणाऱ्या माणसाशी नव्हतं. माळकऱ्याची टिंगल त्यांच्या खात्यावर मांडू नये.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. त्यांना स्कॉटलंडचं २०२३ सालचं उदाहरण सांगा. तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदासाठी मुख्य लढत केट फोर्ब्स आणि हमजा युसुफ यांच्यात होती. फोर्ब्स जुन्या वळणाच्या चर्चच्या. समलिंगी विवाहाच्या कायद्यावर २०१४ साली आपण सभागृहात असतो तर विरोधात मत दिलं असतं, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. त्यानंतर त्यांचं अर्थखात्याचं काम मागे पडलं आणि बातम्यांत चर्चच चर्च आलं. युसुफ मुस्लिम. त्या कायद्याच्या अंतिम मतदानाला ते गैरहजर होते. त्याबद्दल त्यांनाही विचारलं गेलं, पण आपण धर्मावरून कायदे करत नाही, एवढ्या उत्तरावर ते बरेचसे सुटले. शेवटी ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी तेच जिंकले. सभागृहात मत कसं द्याल, हा प्रश्न दोघांनाही विचारायलाच हवा होता. पण सरळ उत्तर देणारीला जास्त सोसावं लागलं, हे मला अजून खटकतं.

अमेरिकेत तर हे फार जुनं आहे. १९६० साली जॉन केनेडी उभे होते. ते कॅथलिक, देश बहुतांशी प्रोटेस्टंट. हा पोपचं ऐकणार की देशाचं, अशी ओरड झाली. १२ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये पाद्र्यांच्या सभेपुढे उभं राहून त्यांना सांगावं लागलं, की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि कॅथलिकही आहे. त्यांच्यासमोरचे रिचर्ड निक्सन क्वेकर घरातले. युद्धच नाकारणारा तो पंथ. पण सैन्याचा प्रमुख होऊ पाहणाऱ्या निक्सन यांच्यावर असा खुलासा करायची वेळ आली नाही.

२००८ साली ओबामा मुस्लिम असल्याची अफवा पसरली. ते ख्रिश्चन आहेत, असं त्यांची माणसं पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तेव्हा कॉलिन पॉवेल, विरोधी पक्षाचे माजी परराष्ट्रमंत्री, दूरचित्रवाणीवर म्हणाले की ते मुस्लिम नाहीत हे खरंच, पण असते तर काय बिघडलं असतं? हे वाक्य कोणा राजकारण्याच्या आधी बातमीदारांच्या तोंडून यायला हवं होतं.

आपल्याकडेही २००२ साली अब्दुल कलाम राष्ट्रपती होताना ते गीता वाचतात, वीणा वाजवतात, हे किती वेळा छापून आलं ते आठवून पाहा. त्यांना त्याची खरी आवड होती. पण छापणाऱ्याच्या मनात ते चांगुलपणाचं प्रमाणपत्र होतं. कुठल्या हिंदू राष्ट्रपतीकडे आपण कुराण वाचल्याचा दाखला मागितला?

तुमचा शेवटचा प्रश्न, विचारूच नये का? मला वाटतं, कायद्याने इथे वाट बरीच साफ केली आहे. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळं लिहायचं असतं. मतदाराला एवढं कळण्याचा हक्क आहे असं न्यायालयाने मानलं. विधानसभा-लोकसभेच्या त्या शपथपत्रात धर्माचा रकाना नाही. आमदार-खासदारांनी शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हेही राज्यघटनेने ज्याच्या त्याच्यावर सोडलं आहे. देवाला नमस्कार करणं हा कुठेही गुन्हा नाही. धर्माच्या नावावर मत मागणं मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचार आहे. तो धर्म उमेदवाराचा असो, प्रतिस्पर्ध्याचा असो की मतदाराचा, हे २ जानेवारी २०१७ च्या निकालात सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी स्पष्ट केलं.

म्हणून बातमीदाराने विचारावंच, पण खुर्चीतल्या कामाबद्दल आणि दोघांनाही. मिरजेची विसर्जन मिरवणूक, तिथल्या स्वागत कमानी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तुमच्या दोन्ही विद्यार्थ्यांना विचारा, की रात्री दहानंतर डॉल्बी वाजली तर काय कराल, आणि भोंग्याला तोच नियम लावाल का? स्मशानभूमी, कब्रस्तान, ख्रिस्ती दफनभूमी या तिन्हींच्या दुरुस्तीसाठी निधी मागाल का? रस्त्याच्या आड येणारं धार्मिक बांधकाम तुमच्याच समाजाचं निघालं तर ठरावावर हात वर कराल का? या उत्तरांमधून श्रद्धेचा कारभारावर काय परिणाम होईल ते नीट कळतं. 'सगळ्यांचे राहाल ना?' या प्रश्नाला 'हो' सोडून कोण काय म्हणणार? तो विचारला जातो तो फक्त समोरच्याला संशयित ठरवण्यासाठी.

आणि मतदारांना एवढं कळत नाही असं समजू नका. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर खासदार झाले. मत देणारे ज्ञानोबा-तुकारामांचं नाव घेणारेच होते. पत्रीसरकारात हा माणूस आपल्या बाजूने कसा उभा राहिला, हे त्यांनी पाहिलं होतं.

प्रश्न : आमच्या गावात (ता. खटाव) ग्रामपंचायतीला पैसे वाटताना बायकांच्या हातावर भंडारा ठेवून शपथ घ्यायला लावली. मीही घेतली, घाबरून. एकाही पेपरात ओळ आली नाही. ही शपथ मोडली तर पाप लागेल का?

उत्तर : बाई, देवाच्या धर्माच्या गोष्टी पेपरांना एवढ्या दिसतात, पण ही दिसत नाही याचा मला मनापासून राग येतो. तुमच्यावर देवाचा कोप होईल अशी भीती मतदाराला घालणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात तो होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये आहे आणि ग्रामपंचायतीलाही तो लागू होतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पैसे देणं गुन्हा आहे तसं घेणंही, हे पण लक्षात ठेवा. पाप शपथ घ्यायला लावणाऱ्याकडे जातं, भीतीने हात पुढे करणाऱ्या बाईकडे नाही, असं माझं स्वच्छ मत आहे. मतदान गुप्त असतं. बटण तुमच्या मनाने दाबा.

पुढच्या वेळी असं झालं तर दोघी-तिघी मिळून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोचेची प्रत मला पाठवा. तुमची नावं न छापता बातमी द्यायला मी आमच्या साताऱ्याच्या बातमीदाराला सांगते.