ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात त्यांच्यापैकी कोणती मुलं हंगामी वसतिगृहाला पात्र धरायची? पुरावा काय घ्यायचा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पवित्र पोर्टलमधून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीतून, नुकतेच शिक्षणसेवक म्हणून लागलात, गाव डोंगरपट्ट्यातलं आहे, स्थलांतर करणाऱ्या घरांचं सर्वेक्षण तोंडावर आलंय आणि मुख्याध्यापक म्हणतात, "मुकादमाचा दाखला असेल तरच नाव घ्या." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी 19 वर्षं झाली. याच वाक्यावरून माझं एका मुख्याध्यापकांशी जे वाजलं, ते माझ्या मनात अजून मिटलेलं नाही.

हंगामी वसतिगृह म्हणजे आई-वडील हंगामाला गेले की मागे राहिलेल्या मुलांची गावातल्या शाळेत केलेली सोय. आधी सरळ सांगते. मुकादमाचा दाखला मागू नका. मुकादम म्हणजे कारखान्यासाठी मजूर गोळा करणारा. त्याने उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई दिवसभर फडात, उसाच्या रानात, राहिली तरच उचल फिटते, आणि ती फडात राहायची तर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे तुमची तिसरी-चौथीतली मुलगी. ती गावात राहावी म्हणून हा माणूस कागद का देईल?

2014 सालची गोष्ट. त्या वर्षी 15 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं आणि लक्ष्मीपूजन 23 ला. आम्हा शिक्षकांना निवडणुकीचं प्रशिक्षण, साहित्यवाटप, मतदान केंद्र. त्यातच सर्वेक्षण करून सुट्ट्या लागायच्या आत यादी पाठवायची होती. मी घरोघर फिरले, नाही असं नाही, पण घाईत फिरले. चौथीतल्या एका मुलीच्या घरी गेले तर बाप ओट्यावर बसलेला. म्हणाला, "औंदा नाही जायचं बाई. मागची उचल फिटली, कापूस बरा हाय." मी त्या घरापुढे 'स्थलांतर नाही' असं लिहिलं आणि पुढच्या दाराला गेले.

भाऊबीज करून माहेराहून परत आले. तेव्हा मी गावातच खोली करून राहत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलीची आजी काठी टेकत दारात. डोळ्यात मोतीबिंदू, पायरी चाचपत बसली. "बाई, पोरीला ठिवून घ्या वो. आज राती गाडी येणार." कापसाचा भाव पडला होता, घरात कुणाचं तरी दवाखान्याचं निघालं होतं, आणि बापाने दुसऱ्या तालुक्यातल्या मुकादमाकडून 50 हजारांची उचल घेतली होती. कारखाना कर्नाटकात, बेळगावच्या बाजूला.

मी मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "यादी गेली. आता मुकादमाचा दाखला आणा, पुरवणीत बघू." मी म्हटलं, सर, गाडी आज रात्री आहे. ते म्हणाले, "उद्या चौकशी लागली तर उत्तर कोण देणार, तुम्ही?" मी गप्प बसले. नवीन नव्हते, आठ वर्षांची नोकरी झाली होती, तरी गप्प बसले.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर मुकादम भेटला. दाखल्याचं विचारलं तर म्हणाला, "पोरगी कोपीवर लागतीय बाई. तान्हं कोण बघणार?" त्याने निदान खरं कारण सांगितलं.

रात्री दहाच्या सुमाराला ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत आधीच तीन घरांचा पसारा. पत्रे, बांबू, भांड्यांची पोती, पिठाचे डबे, खुराड्यातल्या कोंबड्या, एक शेळी. बाप दोरी आवळत होता. मी त्याला म्हटलं, पोरीला ठेवा. तो म्हणाला, "वसतिगृहात नाव असतं तर ठेवलं असतं. आईला दिसत नाही, भाकरी कोण थापील?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं तर होतं. "नावाचं मी बघते, तोवर माझ्याकडे जेवेल," एवढं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. मुलगी काखेत धाकटा भाऊ घेऊन उभी होती, दुसऱ्या हातात दप्तर. आजीने दाराला कडी घातली आणि वर बाभळीची फांदी आडवी लावली. ती स्वतः लेकीच्या गावाला जाणार होती.

आता यातली खरी चूक कुठे झाली ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आपण दोन याद्या करतो. एक राहणाऱ्यांची, म्हणजे आई-वडील गेले आणि मूल गावात राहिलं, ती वसतिगृहाची. दुसरी जाणाऱ्यांची, ज्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत ते दाखवून बसता येतं आणि परत आल्यावर खंड पडला असं होत नाही. ही मुलगी माझ्या कागदावर 'स्थलांतर नाही' अशी होती. त्यामुळे राहणाऱ्यांत नाही, जाणाऱ्यांतही नाही. तिला जेवण नाही आणि कार्डही नाही. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे पाच महिने नुसत्या गैरहजेरीच्या फुल्या, त्याही मीच मारलेल्या.

एप्रिलमध्ये ती आली. दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, काही ताजे, काही काळे पडलेले. तिकडची शाळा कानडी, शिवाय कोप्यांपासून लांब, त्यामुळे एक दिवसही गेली नव्हती. भावाला सांभाळायचं आणि संध्याकाळी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याच्या, पेंढ्या बांधायच्या. परिसर अभ्यासाचं पुस्तक मात्र तिने जपून आणलं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, आणि पानांना चुलीच्या धुराचा वास. हातच्याची वजाबाकी विसरली होती. पेंढ्यांचा हिशोब विचारला तर तोंडी धडाधड सांगायची. तेव्हाच्या नियमाने ती पाचवीत गेली, पण मागे पडलेली पोर पुढे ढकलली म्हणजे ती शिकली असं होत नाही, हे तुम्हालाही वर्गात रोज दिसत असेल.

तर पात्रता. सहा ते चौदा वयाचं मूल, आई-वडील कामासाठी हंगामभर गाव सोडणार, आणि मूल मागे राहायला तयार आहे, घरचे ठेवायला तयार आहेत. बस. यात काही जण उगाच फाटे फोडतात. ऊसतोड नाही, वीटभट्टीवर जातात, मग चालेल का? स्थलांतर ते स्थलांतर, भट्टीवरच्या पोराची भूक वेगळी नसते. एकटी आई जाते, बाप नाही? मग तर तिचं नाव सगळ्यात आधी. बाप गेला आणि आई घरी आहे, तर ते मूल साधारणपणे यात येत नाही, पण ती आई रोज पहाटे दुसऱ्याच्या रानात जाते का हे विचारल्याशिवाय खोडू नका. जन्माचा दाखला नाही, आधार नाही म्हणून कुणी अडवत असेल तर त्यांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 वाचायला द्या. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तुमच्या गावात बाहेरून आलेली मुलं असतील, भट्टीवरची, जिनिंगवरची, तर दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही, ते कलम 5. वयानुरूप वर्गात बसवायचं, ते कलम 4. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश बघणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, ते कलम 9 मध्ये आहे. कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, आता कुणी 'माहीत नव्हतं' म्हणू नये.

पाचवीपासून पुढच्यांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आली, 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी 82 वसतिगृहं मंजूर आहेत. ते खातं सामाजिक न्यायाचं, अर्ज वेगळा, आणि तिथे ग्रामसेवकाने दिलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र लागतं. आपल्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहाशी त्याची गल्लत करू नका. गल्लत करून ते ओळखपत्र इथेही मागणारे मी पाहिलेत.

पुरावा म्हणून मी काय धरते? दार. ओट्यावर उभं राहून दोन गोष्टी विचारते. उचल घेतली का, आणि तुम्ही गेल्यावर याला रात्री भाकरी कोण देणार? पहिल्याचं उत्तर लोक लपवतात, दुसऱ्याचं लपवता येत नाही. आजी म्हातारी, चुलत्याचं घर भरलेलं, मोठी बहीण बारा वर्षांची, असं काही ऐकलं की नाव लिहायचं. मग दिवाळीनंतर पुन्हा फिरायचं. ज्या दाराला कुलूप किंवा काटी लागलीय, तिथलं मूल कुठल्या यादीत आहे ते बघायचं. दोन्हींत नसेल तर त्याच दिवशी शोधायचं. शेजारी, किराणा दुकान, टेम्पोवाला, गावात सगळ्यांना माहीत असतं कोण कुठल्या कारखान्याला गेलं. सुट्टीत फिरायचं का, असं तुम्ही विचाराल. गाव रिकामं होतं ते सुट्टीतच, त्यामुळे हो, सुट्टीतच.

मुलींचं अजून एक. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी वसतिगृह म्हणजे शाळेत दोन वेळचं जेवण, झोपायला पोरं आपापल्या आजी-काकांकडे. बारा-तेराच्या मुलीला असं मागे ठेवायला आई घाबरते आणि सोबत नेते, नाहीतर घाईने लग्न लावून टाकते. तिथे नुसतं 'नाव घेतलं' म्हणून भागत नाही. स्वयंपाकाला कोण बाई आहे, अंधार पडल्यावर पोरीला घरापर्यंत कोण सोडणार, हे त्या आईला नाव-गाव घेऊन सांगावं लागतं. मी सांगते, आणि तीन-चार वेळा स्वतः सोडायला गेले आहे.

आता त्या मुख्याध्यापकांबद्दल. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, हे मला मान्य करायला बरीच वर्षं लागली. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती, आणि आधीच्या शाळेत त्यांना नोटीस मिळाली होती. पटावर मूल आहे, वर्गात नाही, एवढंच पथकाने पाहिलं. ते मूल फडात होतं हे कुणी विचारलं नाही. शिवाय वसतिगृहांत खोटी नावं घालून पैसे उचलल्याच्या तक्रारी आमच्या भागात झाल्यात, म्हणूनच पुढे बोटाचे ठसे घेऊन हजेरी आली. तेव्हा कागद नकोच असं मी म्हणत नाही. पालकाची सही किंवा अंगठा घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नावं वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहा, रोजची हजेरी चोख ठेवा. खोटं नाव जेवणाच्या ताटावर पकडलं जातं, तिथे पकडा. दारात खरं मूल अडवून खोटं नाव थांबत नाही, हे मी त्या दिवशी फोनवर बोलायला हवं होतं. सर, तुम्ही आता निवृत्त झालात आणि कदाचित हे वाचतही असाल, तर चौकशीला उत्तर मी दिलं असतं.

नमुने आणि तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, तेव्हा गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून यंदाचं पत्र आधी हातात घ्या. माझ्या सांगण्यावर सगळं सोडू नका.

यादी पाठवताना शेवटच्या पाच ओळी मोकळ्या ठेवा आणि बैठकीच्या ठरावात लिहून घ्या की उशिरा जाणाऱ्या घरांची नावं तारीख टाकून, अध्यक्षांच्या सहीने इथे वाढतील. मुख्याध्यापक त्या ओळींवर आडवी रेघ मारायला सांगतील. आमच्या शाळेत ती रेघ आता भाऊबीजेनंतर पंधरा दिवसांनी मारली जाते. गेल्या वर्षी तोवर तीन ओळी भरल्या होत्या.