घरी चॉकलेट ट्रफल करताना मिश्रण घट्टच होत नाही, गोळे वळता येत नाहीत. काय चुकतंय?

बहुतेक वेळा क्रीम जास्त पडतं. डार्क चॉकलेट 200 ग्रॅम असेल तर क्रीम 100 ग्रॅमच घ्या, तेही वजन करून. वाटीच्या अंदाजावर जाऊ नका. मिल्क चॉकलेट असेल तर क्रीम 80 ग्रॅमपर्यंतच, कारण त्यात कोको कमी असतो.

आपल्याकडे कोल्हापुरात गंगावेशीतलं म्हशीचं दूध इतकं दाट असतं की त्याची साय वापरायचा मोह होतोच. मीही वापरली आहे. चव फार सुंदर येते, पण साय मिक्सरमधून काढून गाळून घ्या, नाहीतर गुठळ्या तोंडात येतात.

क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवा, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मध्यभागापासून हळूहळू ढवळा. तूप सुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळा, पुन्हा एकजीव होतं.

फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तळहाताच्या उबेनेही चॉकलेट मऊ पडतं. एप्रिल-मेमध्ये तर सकाळी लवकरच वळायला घ्या, हात गार पाण्याने धुऊन अगदी कोरडे पुसा. शेवटी कोको पावडरीत घोळवा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस छान राहतात.

आणि पाकिटावर कोको बटर लिहिलंय ना, ते बघूनच चॉकलेट घ्या. कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या कंपाउंड चॉकलेटला ती चव येत नाही.