वाचकांचे प्रश्न : आजीचा 'कटग्लास'

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या आमच्या जुन्या घरातील फडताळात निळसर काचेचे साखरेचे एक भांडे आहे. पणजोबांनी मुंबईहून आणलेला तो 'कटग्लास' आहे, असे आजी सांगत असे. बुडाशी हिऱ्यासारख्या चौकटीची उठावदार खूण आहे. तिच्या वरच्या वर्तुळात रोमन तीन आणि उजव्या कोपऱ्यात 'पी' हे अक्षर दिसते. भांडे किती जुने असेल?

उत्तर : आजींचा शब्द खोटा ठरवताना संकोच वाटतो, परंतु बुडाची उठावदार खूण पाहता हे भांडे कापलेल्या काचेचे नसून साच्यात दाबून घडवलेल्या काचेचे, म्हणजे प्रेस्ड ग्लासचे आहे. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकून वरून दट्ट्या दाबण्याचे हे तंत्र १८२० च्या दशकात अमेरिकेत रुजले आणि कटग्लासचा थाट बेताच्या मिळकतीच्या घरांतही पोहोचला. खात्री बोटानेच करावी. चाकावर कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागतात, तर दाबलेल्या नक्षीच्या कडा किंचित बोथट असतात, आणि साच्याचे भाग जिथे जुळले तिथे बाहेरून एक बारीक उभी रेघ बहुधा सापडते. आतून हात फिरवावा : दट्ट्यामुळे तो भाग गुळगुळीत असतो, मात्र साच्यात फुंकून केलेल्या भांड्यात बाहेरच्या नक्षीचे चढउतार आतही जाणवतात.

चौकटीची खूण ही ब्रिटनमधील नक्षीच्या नोंदणीची असून ती १८४२ ते १८८३ या काळात वापरली जात असे. रोमन तीन हा काचेचा वर्ग. १८६८ पासून वर्षाचे अक्षर उजव्या कोपऱ्यात येऊ लागले (त्यापूर्वी ते वरच्या टोकाशी असे) आणि तिथला 'पी' १८७७ दर्शवतो. हे वर्ष नक्षीच्या नोंदणीचे आहे, भांड्याच्या जन्माचे नव्हे. चांगला खपणारा साचा कारखाने पुढेही वापरीत, त्यामुळे '१८७७ किंवा त्यानंतरचे' एवढेच म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. चौकटीजवळ तुरेवाल्या मोराचे डोके दिसते का, तेही भिंगातून पाहावे, कारण ती इंग्लंडमधील गेट्सहेडच्या सॉवर्बी कारखान्याची खूण आहे. पुसट खुणेवर खडू किंवा पेन्सिल घासू नये. दिवा तिरपा धरला की उठाव आपोआप स्पष्ट होतो.

प्रश्न : आमच्याकडील अशाच एका भांड्यावर 'आर डी' आणि पुढे आकडा आहे. मात्र पावसाळाभर पेटाऱ्यात राहिल्याने ते धुरकट झाले आहे. (देवगड)

उत्तर : १८८४ पासून चौकटीऐवजी असे क्रमांक आले, म्हणजे तुमची नक्षी त्यानंतरची. धुरकटपणा वरवरचा असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने जाईल. बंदिस्त दमटपणामुळे काचेतील क्षार पृष्ठभागावर उतरून काच झिजली असेल, तर तो धुण्याने जात नाही. राखेने किंवा नारळाच्या शेंडीने घासण्याची आपल्याकडची सवय येथे मोडावी, कारण त्याने नव्या ओरखड्यांची भर पडते. भांडे पूर्ण सुकवून, कागदात न गुंडाळता, हवेशीर फडताळात ठेवावे.