‘अंडरफ्लो’: त्रुटी की तूट?

स्टोरेजच्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय, की आयस्कझीमधल्या (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याच्या पद्धतीतल्या) ‘रेसिड्युअल अंडरफ्लो’ला ‘अवशिष्ट अधःप्रवाह त्रुटी’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. या तिन्ही शब्दांत मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘त्रुटी’.

आधी तिथे घडतं काय ते पाहू. नेटवर्कवरून डिस्क वापरणारा संगणक आज्ञा पाठवतानाच किती बाइट अपेक्षित आहेत ते सांगतो. समजा त्याने ‘इन्क्वायरी’ पाठवली, म्हणजे डिस्कला तिची ओळख विचारली, आणि उत्तरासाठी 255 बाइट धरले. डिस्ककडे सांगायला 36 बाइटच आहेत. ती तेवढे देते, उत्तरात स्थिती ‘गुड’ लिहिते, ‘यू’ हे अंडरफ्लोचं निशाण लावते आणि रेसिड्युअल काउंटमध्ये, म्हणजे फरकाच्या रकान्यात, 219 भरते. कुणाचंही काही चुकलेलं नाही. मागितलं जास्त, मिळालं कमी, एवढंच.

याला मराठीत सरळ ‘तूट’ म्हणतात. पोत्यात दोन किलोची तूट आली, तुटीचं अंदाजपत्रक, तीच ही तूट.

गंमत अशी, की ‘त्रुटी’ आणि ‘तूट’ एकाच धातूतून आलेले, त्रुट् म्हणजे तुटणे. मराठीत त्रुटीचा मूळचा अर्थही उणीव असाच. कार्यालयातून येणारं पत्र आठवा: ‘अर्जातील त्रुटींची पूर्तता करावी.’ पूर्तता उणिवेची होते, चुकीची दुरुस्ती होते. पण संगणकाच्या पडद्यावर ‘त्रुटी’ हा शब्द ‘एरर’साठी इतका रुळलाय, की तिथे तो वाचणारा घाबरणारच. म्हणून इथे तूट बरी.

उलट बाजूचा ‘ओव्हरफ्लो’ जरा अवघड आहे. डिस्कवरचे 512 बाइटांचे 8 ब्लॉक (तुकडे) मागितले, म्हणजे 4096 बाइट, पण अपेक्षित आकडा 2048 लिहिला, तर उरलेले 2048 डिस्क पाठवतच नाही. निशाण ‘ओ’ लागतं. धरण भरून वाहतं तसं इथे काही सांडत नाही, त्यामुळे ‘अतिप्रवाह’ दिशाभूल करतो. मी ‘न मावलेले’ म्हणेन.

आणि रेसिड्युअल काउंट? ‘शिल्लक’ नको. तुटीतले 219 बाइट कुणाकडेच शिल्लक नसतात. ‘बाकी’ घ्या, पण उधारीतली नव्हे, वजाबाकीतली: 255 वजा 36, बाकी 219. दोन्ही निशाणांना ती चालते.

‘चूक’ किंवा ‘बिघाड’ हे शब्द खऱ्या प्रसंगासाठी राखून ठेवा: स्थिती ‘गुड’ऐवजी ‘चेक कंडिशन’ आली, सोबतच्या सेन्स डेटात, म्हणजे कारणाच्या तपशिलात, माध्यमच खराब असल्याचं निघालं, किंवा वाटेत डेटा बिघडून सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळला नाही. ब्लॉक वाचताना तूट आली तर ड्रायव्हर (संगणकातलं डिस्क हाताळणारं सॉफ्टवेअर) तीही चूक धरू शकतो, पण तो त्याचा निर्णय. डिस्कने कळवलेली असते ती फक्त तूट. तेव्हा पडद्यावर एवढंच लिहा: ‘तूट, बाकी 219 बाइट’.