कमाई विचारण्याआधी गाव ठरव

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद. प्लास्टिक सर्जन जास्त कमावतो की वकील, आणि दोघांत समाधानी कोण, असं तू आडपडदा न ठेवता विचारलंस हे मला फार आवडलं. आपल्याकडे पैशाचं कोणी उघड बोलत नाही, आणि मग बारावीनंतरचे निर्णय शेजारच्या मुलाची गाडी बघून होतात. मी प्लास्टिक सर्जन, माझा थोरला भाऊ खेडच्या कोर्टात वकील. दोन्ही धंद्यांतला हिशोब घरातच आहे, तो तुला मोकळेपणाने सांगते.

तू पाठवलेले आकडे अमेरिकेतले आहेत. ते खोटे नाहीत. मेडस्केप या डॉक्टरांसाठीच्या संकेतस्थळाच्या २०२३ च्या अहवालात तिथल्या डॉक्टरांत प्लास्टिक सर्जन कमाईत पहिले होते, वर्षाला सरासरी ६ लाख १९ हजार डॉलर. वकिलांचा मधला आकडा, म्हणजे निम्मे त्याच्या वर आणि निम्मे खाली, तिथल्या सरकारी नोंदीत २०२४ साली १ लाख ५१ हजार डॉलरच्या घरात होता. पण वकिलांचा कुठलाही एकच आकडा फसवा असतो. तिथल्या बड्या फर्ममध्ये नवा वकील पहिल्याच वर्षी २ लाख २५ हजार डॉलर घेतो आणि त्याच्याच वर्गातल्या बऱ्याच जणांना त्याच्या निम्म्याहून कमी मिळतात. आपल्याकडची तऱ्हा वेगळी नाही. मुंबईत एखादे ज्येष्ठ वकील एकदा उभं राहण्याचे लाखांत घेतात, आणि तालुक्याच्या कोर्टात ज्युनियरला महिनाअखेर मिळतो तो हातखर्च. वकिलांची देशपातळीवरची संस्था बार काउन्सिल ऑफ इंडिया हिने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे. तालुक्याला कोणी ती पाळेल अशा भरवशावर राहू नकोस.

आता वर्षं मोज. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, मग जनरल सर्जरीत एमएस तीन, त्यावर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच तीन. साडेअकरा वर्षं झाली, आणि यात नीटच्या तीन पायऱ्यांवर गेलेली जादाची वर्षं, बाँडची सरकारी सेवा धरलेली नाही. रेसिडेन्सीत विद्यावेतन मिळतं, उपाशी कोणी राहत नाही, पण स्वतःची म्हणावी अशी कमाई बत्तिशीच्या आसपास सुरू होते. वकिलीत बारावीनंतर पाच वर्षांत पदवी आणि तेविसाव्या वर्षी सनद हातात. म्हणजे मी अजून दुसऱ्यांच्या सह्यांखाली काम करत होते तेव्हा भावाच्या नावावर वकीलपत्रं होती. खिसा मात्र त्याचाही रिकामाच होता, फरक एवढाच की तो आपल्या घरी जेवत होता.

तुझ्या पत्रात न आलेला प्रश्न मला इथे विचारायचा आहे. तुला राहायचं कुठे? मुंबई-पुण्यात की इथे कोकणात? माझ्या मते कमाईचा निम्मा निकाल त्यावर लागतो.

प्लास्टिक सर्जनला एकट्याने काही करता येत नाही. भूल देणारा डॉक्टर हवा, रक्तपेढी हवी, मायक्रोस्कोप हवा, रात्री ड्रेसिंगवर लक्ष ठेवणारी अनुभवी सिस्टर हवी, फिजिओथेरपिस्ट हवा. देवरुखला किंवा राजापूरला दवाखान्याची पाटी लावून हे जमत नाही. मोठा पैसा आहे तो केसांचं रोपण, चरबी काढणं, नाकाचा आकार अशा कामांत. ते मोठ्या शहरात, आणि तिथे रुग्ण स्वतःच्या खिशातून लगेच देतो. भाजलेल्या माणसाचं किंवा अपघाताचं काम बहुतेक विम्यातून नाहीतर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतं. दर ठरलेले, पैसे मागाहून. मी आयुष्यभर हेच काम जास्त केलं. चांगली जगले, पण माझ्या बॅचमधल्या मुंबईकरांशी बरोबरी कधी झाली नाही.

वकिलाचं उलट आहे. कोकणात जमीन आहे तोवर वकिलाला काम आहे. एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, दोघं-तिघं कधीच वारलेले आणि त्यांचे वारस लावलेले नाहीत. वाटणीचा दावा घातला की प्रत्येकाला समन्स बजावायचं. दावा चालू असताना आणखी कोणी जातं, पुन्हा वारस रेकॉर्डवर आणायचे, पुन्हा तारीख. त्यात कुळाची नोंद निघाली की प्रकरण तहसीलदारांकडे. महामार्गात गेलेल्या जागेचा मोबदला कोणी घ्यायचा हे भांडण वेगळंच. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापूरला सुरू झालं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. अपिलासाठी पूर्वी फाईल मुंबईच्या वकिलाच्या हवाली करावी लागायची, आता इथला तरुण वकील सकाळी घाट चढून स्वतः उभा राहू शकतो. माझ्या भावाच्या उमेदीत हे असतं तर त्याची वकिली वेगळी झाली असती.

बांधलेला पगार हवा असेल तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा आहे. सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये. पण मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याआधी तीन वर्षं वकिली करणं सक्तीचं झालं आहे. डॉक्टरकीत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शिकवायची आवड असेल तर सर्जनलाही कोकणात पगारी जागा मिळण्याची वाट उघडते आहे. माझ्या वेळी तीही नव्हती.

समाधानाचं बोलते. फुरसं चावलेल्या बाईच्या हाताचं कातडं सडून गेलं होतं, मांडीची पातळ साल काढून आम्ही तिथे बसवली. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडताना मी आजही श्वास धरते. शेवटचा थर सलाईनने ओला करून अगदी हळू सोडवायचा, घाई केली तर बसलेली साल गॉजबरोबर उचलली जाते. खाली गुलाबी रंग दिसला की लागलं. काळपट दिसलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या कामाचा निकाल असा पाच दिवसांत कळतो. चिऱ्याच्या खाणीत यंत्राखाली बोटं गेलेला मुलगा दोन महिन्यांनी मूठ वळवून दाखवतो, तेव्हा मला दुसरं काही नको असतं.

भावाला असा पाचवा दिवस नाही. त्याचे दावे दहा-पंधरा वर्षं चालतात. पक्षकार म्हातारे होतात, कधी त्याची बाजू खरी असूनही कागद नसल्याने हरतो. तरी मी त्याला या कामाला कंटाळलेला पाहिलेलं नाही. एका विधवेचं नाव तिच्या दिरांनी फेरफारातून वगळलं होतं, ते त्याने परत लावून घेतलं. त्या बाईला त्या दिवशी स्वतःच्या घरात राहण्याचा हक्क मिळाला. माझ्या कुठल्याही ऑपरेशनपेक्षा मी हे कमी मानत नाही. पण तिथे पोचेपर्यंत वाट बघण्याची ताकद लागते, आणि ती माझ्यात नाही हे मी फार लवकर ओळखलं.

डॉ. नोशीर अंतिया यांच्याबद्दल वाच. जे.जे.मध्ये प्लास्टिक सर्जरी उभी करणारा हा माणूस. त्यांनी कुष्ठरोग्यांचे वाकडे हात आणि बसलेली नाकं सुधारली आणि पुढे आपल्याच रायगडात, मांडव्याच्या परिसरात, गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. या शाखेत कातडीच्या पलीकडेही किती जागा आहे ते त्यांच्याकडे पाहून मला कळलं.

माझं मत स्पष्ट सांगते. घर सोडवत नसेल आणि आईबाबांजवळ राहून जगायचं असेल तर वकिली कर. पहिली पाच-सात वर्षं घरच्यांनी तुला सांभाळायचं, हे त्यांच्याशी आत्ताच बोलून घे. हाताने करायच्या कामात तुझं मन रमत असेल, आणि तिशी उलटेपर्यंत कुठेही पाठवतील तिथे राहायची तयारी असेल, तर सर्जरीकडे ये. फक्त पैशासाठी या शाखेत येऊ नकोस. तेवढ्या वर्षांत दुसऱ्या वाटेनेही पैसा होतो, आणि पैशासाठी आलेल्या मुलांना मी एमएसच्या दुसऱ्या वर्षीच करपलेली पाहिली आहेत.

परीक्षा झाली की एक आठवडा भावाबरोबर खेडच्या कोर्टात बस, मी त्याला सांगून ठेवलं आहे. साधे कपडे घाल, फोन बंद ठेव, आणि तारीख मिळाल्यावर बाहेर पक्षकार काय बोलतात ते ऐक. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझ्याकडे चिपळूणला ये. ड्रेसिंग सकाळी आठला सुरू होतात, पोटभर खाऊन ये. पहिल्या दिवशी चक्कर आली तर खुशाल खाली बसायचं, ती बऱ्याच जणांना येते. बाबांनाही घेऊन ये, खर्चाचं मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

तुझी,
डॉक्टरमावशी